उंदीर बरा झाला, पण कोणता उंदीर?

पिंजरावाली:

दर दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी मला एक बातमी पाठवतं. 'स्नायूक्षयावर उपाय सापडला, उंदरांवरचा प्रयोग यशस्वी.' खाली हात जोडलेले किंवा नुसतं प्रश्नचिन्ह. माझी आठ वर्षं प्रयोगशाळेतल्या उंदरांची पैदास सांभाळण्यात गेली, म्हणून मला विचारतात. माझं उत्तर दर वेळी एकच असतं: कोणता उंदीर? लोकांना वाटतं मी टाळतेय. टाळत नाहीये, म्हणून हा धागा.

आधी शब्दांचा घोळ. मराठीत माऊस आणि रॅट दोघांना उंदीर म्हणून आपण मोकळे होतो. माऊस २५-३० ग्रॅमचा, मुठीत मावतो. रॅटचा नर अर्ध्या किलोपर्यंत जातो, त्याला दोन हातांनी उचलावा लागतो. माऊसची गुणसूत्रं ४०, रॅटची ४२, आपली ४६. या धाग्यापुरतं लहान तो माऊस आणि मोठा तो रॅट असं धरून चालू.

स्नायूक्षयाचे आनुवंशिक प्रकार पुष्कळ आहेत, सर्वांत परिचित ड्यूशेन. यात डिस्ट्रोफिन नावाचं प्रथिन बनत नाही. स्नायूच्या तंतूचं आतलं जाळं आणि त्याचं बाहेरचं आवरण यांना बांधून ठेवणारा हा टाका. टाकाच नसला की प्रत्येक आकुंचनाला आवरण थोडंथोडं उसवतं, कॅल्शियम आत शिरतं, तंतू मरतो, नवा बनतो, तोही मरतो. शरीर दुरुस्ती करून थकलं की स्नायूच्या जागी तंतुमय ऊती आणि चरबी भरत जाते. जनुक एक्स गुणसूत्रावर आहे, म्हणून आजार मुख्यतः मुलग्यांना.

आता गंमत बघा. या आजाराचा सर्वांत प्रसिद्ध माऊस सापडला १९८४ साली, एडिंबरामध्ये, तेव्हा डिस्ट्रोफिन हे नावसुद्धा जन्माला आलेलं नव्हतं. काही माऊसच्या रक्तात पायरुव्हेट कायनेज आणि क्रिएटिन कायनेज ही विकरं जास्त निघाली. चालण्या-फिरण्यात दोष काहीच नव्हता. पैदाशीतून कळलं की दोष एक्सवर आहे. नाव पडलं एमडीएक्स. डिस्ट्रोफिन १९८७ साली बॉस्टनमध्ये लुई कुंकेल यांच्या गटाने ओळखलं. आणि एमडीएक्सच्या जनुकात नेमकं काय बिघडलंय ते १९८९ साली कळलं: २३व्या एक्सॉनमध्ये (एक्सॉन म्हणजे प्रथिनासाठी वाचला जाणारा जनुकाचा तुकडा) डीएनएचं एक अक्षर बदललंय, सी च्या जागी टी. त्यामुळे ग्लुटामिन या अमिनो आम्लाच्या जागी 'थांबा' असा आदेश तयार झालाय. ३,६८५ अमिनो आम्लांची साखळी तिच्या पहिल्या एक तृतीयांश भागातच तुटते.

एवढं होऊनही हा माऊस जवळपास पूर्ण आयुष्य जगतो. पिंजऱ्याचं झाकण उलटं केलं तर जाळीला लटकतो, फक्त निरोगी भावापेक्षा लवकर पडतो. बाहेरून बघणाऱ्याला दोघांतला आजारी कोण हे सांगता येत नाही. म्हणून एमडीएक्स 'बरा झाला' असं वाचलं की मी विचारते, तो आजारी किती होता?

बाकीचं प्रतिसादांत लिहीन. टंकायचा कंटाळा आलाय.

निवांत:

वाचनखूण साठवली आहे. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

शंकासूर:

पिंवा, म्हणजे तीसेक वर्षं जगभर चुकीच्या प्राण्यावर औषधं तपासली असं म्हणायचंय का? जनुक तेच, प्रथिन तेच गायब, मग आजार सौम्य कसा? काहीतरी मुरतंय पाणी.

सूक्ष्मदर्शी:

@शंकासूर, चुकीच्या नाही, अपुऱ्या म्हणा. मी स्नायूंच्या चकत्या बघतो, म्हणून काचेवर दिसतं ते सांगतो.

निरोगी स्नायूची आडवी चकती म्हणजे एकाला एक चिकटलेले बहुकोनी तुकडे, आकार जवळपास सारखे, आणि प्रत्येकाची केंद्रकं कडेला, परिघावर. एमडीएक्सचं पिल्लू जन्मल्यावर असंच दिसतं. साधारण तिसऱ्या आठवड्यात वादळ येतं. चकतीत फिकट, फुगलेले मेलेले तंतू, भोवती भक्षक पेशींची गर्दी. थोड्या आठवड्यांनी ते ओसरतं आणि निम्म्याहून जास्त तंतूंची केंद्रकं मधोमध आलेली दिसतात. मधोमध केंद्रक म्हणजे तो तंतू एकदा मरून पुन्हा बनलाय. माऊसमध्ये ती खूण पुसली जात नाही, त्यामुळे स्नायूचं आख्खं चरित्र एका चकतीत वाचता येतं.

मुद्दा असा की माऊस मरतो तेवढं नव्याने बांधतो. शिवाय त्याच्याकडे युट्रोफिन आहे, डिस्ट्रोफिनचं भावंड. ते थोडीफार जागा भरून काढतं. हे तपासायला १९९७ साली डिस्ट्रोफिन आणि युट्रोफिन दोन्ही नसलेले माऊस तयार केले गेले. ते पाठीतून वाकले, वाळले आणि काही महिन्यांतच मेले. म्हणजे आजार होता, टेकू लावून उभा होता.

आणि एक अपवाद: एमडीएक्सचा श्वासपटल. तो क्षणभर थांबत नाही, म्हणून तिथली झीज मुलांच्या स्नायूसारखीच दिसते. हातपाय बघून 'सौम्य' म्हणणाऱ्यांनी छाती उघडून बघावी.

पिंजरावाली:

श्वासपटलाबद्दल +१. मीच घाईत त्याला जवळपास धडधाकट ठरवून गेले.

@शंकासूर, रॅट इतक्या उशिरा का आला याचं कारण तंत्रात आहे. ठरवून एखादं जनुक बंद पाडायचं तर पूर्वी भ्रूणाच्या मूळपेशी बशीत वाढवून, त्यात बदल करून, त्या पुन्हा भ्रूणात सोडाव्या लागत. माऊसमध्ये हे १९८९ पर्यंत जमलं. त्याबद्दल कापेकी, एव्हान्स आणि स्मिथीज यांना २००७ चं नोबेलही मिळालं. रॅटच्या मूळपेशी मात्र बशीत टिकेनात, त्या जमल्या २००८ मध्ये. तोवर डीएनए नेमक्या जागी कापणाऱ्या कात्र्या आल्या. त्या थेट फलित अंड्यातच सोडता येतात, मूळपेशींची भानगडच नाही. २०१४ साली दोन गटांनी डिस्ट्रोफिन नसलेले रॅट जाहीर केले. फ्रान्समधल्या नांत शहरातल्या गटाने टॅलेन नावाची कात्री वापरून २३व्या एक्सॉनमध्ये कपात केली. जपानी गटाने क्रिस्पर ही दुसरी कात्री वापरून तिसरा आणि सोळावा असे दोन एक्सॉन एकदम लक्ष्य केले.

नांतच्या रॅटमध्ये तीन महिन्यांच्या वयात तंतू मरताना दिसतात, आणि सात महिन्यांपर्यंत पुनर्बांधणी मंदावून त्या जागी तंतुमय ऊती आणि चरबी येते. चरबी! माऊसमध्ये ती फारशी दिसतच नाही, मुलांच्या पोटऱ्यांत दिसते. हृदयही लवकर गुंततं. म्हणून रॅट मुलांच्या आजाराच्या जास्त जवळ आहे असं माझं मत. पण 'जवळ' म्हणजे 'तोच' नाही.

टोपणनाव:

माझा बाळबोध प्रश्न. जनुकातला थोडासाच तुकडा गेला तर प्रथिनाचा थोडासाच भाग जायला हवा ना? सगळं प्रथिन कसं गायब होतं?

आकडेमोड:

बाळबोध अजिबात नाही, सगळा खेळ इथेच आहे. पेशी जनुक तीन-तीन अक्षरांनी वाचते, मधे जागा न सोडता. हे वाक्य घ्या:

कमल गवत उपट परत

आता एकच अक्षर काढा, पहिल्या शब्दातला म. वाचणारा तीन-तीनच वाचणार:

कलग वतउ पटप रत

पुढचं सगळं वाक्य बरबाद, आणि अशा बरबाद वाक्यात लवकरच कुठेतरी 'थांबा' लागतो. उलट आख्खा 'गवत' काढा:

कमल उपट परत

काय उपटायचं ते कळत नाही, पण वाक्य शेवटपर्यंत पोचतं. म्हणून कपात केवढी, यापेक्षा तिला तीनने भाग जातो का हे महत्त्वाचं. भाग गेला नाही तर ड्यूशेन. गेला तर आखूड पण थोडंफार काम करणारं प्रथिन आणि त्याचा सौम्य प्रकार, बेकर. याला अपवाद आहेत, पण बहुतेकांना हा नियम लागू पडतो. त्याच जपानी गटाने २०२० साली चौकट (ही तीन-तीनची मांडणी) न मोडणारी कपात असलेले रॅटही दाखवले, म्हणजे बेकरचा रॅट.

शंकासूर:

कमलला गवत परत परत का उपटायला लावताय? :)

पण उदाहरण पटलं. पहिल्यांदाच कळलं हे मला.

पिंजरावाली:

आकडेमोड, हे वाक्य मी ढापणार आहे.

पैदाशीचं लिहिते, कारण ते कुठल्याच बातमीत नसतं. एमडीएक्सचे नर-मादी दोघंही आजारी असूनही पिल्लं देतात, त्यामुळे आख्खी वसाहत आजारी ठेवता येते. सोय होते, पण तुलनेला सख्खा निरोगी भाऊ मिळत नाही. रॅटमध्ये वाहक मादी (दोनपैकी एका एक्सवर दोष असलेली) आणि निरोगी नर लावतात. निम्मे मुलगे आजारी, निम्मे निरोगी, एकाच आईच्या दुधावर वाढलेले. याहून चांगली तुलना नाही.

१९५५ साली अमेरिकेत बार हार्बरच्या जॅक्सन प्रयोगशाळेतून जाहीर झालेला डीवाय माऊस हा या सगळ्यांचा आजोबा. तो मागचे पाय ओढत चालतो. त्याचा दोष एक्सवर नाही, १०व्या गुणसूत्रावर, आणि अप्रभावी: दोन्ही प्रती बिघडलेल्या हव्यात. आजारी जनावरं स्वतः पिल्लं देऊ शकत नव्हती. मग आनुवंशिकता सिद्ध कशी करायची? त्या लोकांनी आजारी मादीचं बीजांडकोश काढून निरोगी मादीत बसवलं! पोट निरोगी मादीचं, अंडी आजारी मादीची. काय डोकं आहे! दोष लॅमिनिन या प्रथिनात आहे हे कळायला मात्र १९९४ उजाडलं.

आणि आता माझी फजिती. आमच्याकडे (कुठे ते विचारू नका) एका वाहक रॅट मादीला ओळीने तीन वेळा पिल्लं झाली, पण एकाही नराच्या कानाच्या तुकड्यात म्युटेशन दिसेना. आम्ही आधी चाचणीला दोष दिला, मग रसायनाच्या बाटलीला, मग एकमेकांना. शेवटी कुणीतरी मादीच्याच कानाची, ओळखीसाठी पाडलेली भोकं मोजली. पिंजरे धुताना दोन बहिणींची कार्डं अदलाबदल झाली होती. वाहक बहीण शेजारच्या पिंजऱ्यात एकटी आरामात बसली होती.

आकडेमोड:

तीन वेळात नर किती झाले होते?

पिंजरावाली:

सोळा.

आकडेमोड:

मादी खरंच वाहक असती तर सोळाच्या सोळा नर निरोगी निघायची शक्यता ६५,५३६ मध्ये १. पाचव्या नरालाच संशय यायला हवा होता (३२ मध्ये १), दहाव्याला खात्री (१,०२४ मध्ये १). बाटली निर्दोष आहे.

पिंजरावाली:

तेव्हा कुठे होतात!

सूक्ष्मदर्शी:

'कोणता उंदीर' या प्रश्नाला अजून एक पदर आहे: वंश कोणता. म्युटेशन तेच ठेवा आणि माऊसचा वंश बदला, आजार बदलतो. एमडीएक्सचा दोष डीबीए/२ या वंशात आणला की तोच 'सौम्य' माऊस लवकर खंगतो आणि स्नायूत तंतुमय ऊती भरते. याचं एक कारण गॅमा-सार्कोग्लायकन (स्नायूच्या आवरणातलं आणखी एक प्रथिन) नसलेल्या माऊसच्या संकरातून २००९ साली सापडलं. एलटीबीपी४ नावाचं प्रथिन टीजीएफ-बीटा या संदेशकाला धरून ठेवतं. डीबीए/२ मध्ये त्यातली १२ अमिनो आम्लं कमी आहेत, म्हणून पकड सैल. संदेशक सुटतो आणि व्रण वाढतात. पुढे ड्यूशेनच्या मुलांमध्येही एलटीबीपी४ चे प्रकार आणि चालणं थांबण्याचं वय यांचा संबंध दिसला, २०१३ मध्ये. दोन मुलांचं म्युटेशन सारखं असूनही एक बराच आधी चाकांच्या खुर्चीत बसतो, त्यामागे अशी दुसरी जनुकंही असतात. माझ्या मते माऊसने दिलेली ही सर्वांत मोलाची गोष्ट.

उलटाही किस्सा आहे. एसजेएल नावाचा वंश प्रतिकारशक्तीच्या अभ्यासात वर्षानुवर्षं वापरात होता. १९९९ मध्ये कळलं की त्याच्या डिस्फर्लिन जनुकात कपात आहे, म्हणजे वय वाढेल तसा तो स्वतःच स्नायूक्षयाचा रुग्ण. नंतर ए/जे या दुसऱ्या नेहमीच्या वंशातही डिस्फर्लिनचाच दोष निघाला. किती प्रयोगांत हे 'निरोगी' म्हणून बसले असतील, देव जाणे.

निवांत:

बाप रे. तुलनेचा निरोगी उंदीरच आजारी.

दोन_मुलांची_आई:

मी बरेच दिवस नुसती वाचते, आज लिहितेय. माझा धाकटा नऊ वर्षांचा आहे, ड्यूशेन आहे. वरचं कमलचं वाक्य वाचून पहिल्यांदा काहीतरी उलगडलं, आकडेमोड दादा, आभार. आम्हाला डॉक्टरांनी 'एक्सॉन ५२ ची कपात' असं सांगितल्याचं आठवतंय. या कपातीचा उंदीर आहे का? त्याच्यावर औषध चाललंय का? आणि मोठी मुलगी आहे, तिला काही धोका?

पिंजरावाली:

ताई, बरं झालं लिहिलंत.

हो, एक्सॉन ५२ काढलेला रॅट आहे, २०२२ साली फ्रान्समधून आला. आजवरच्या रॅटमध्ये तो बराच तीव्र आजारी आहे, साधारण वर्षभरात दगावतो. निरोगी रॅट दोन-तीन वर्षं जगतो.

औषधाचं तत्त्व कमलच्याच वाक्यात आहे. ५२वा एक्सॉन ११८ अक्षरांचा, तीनने भाग जात नाही. शेजारचा ५१वा २३३ अक्षरांचा, त्यालाही जात नाही. पण ११८ + २३३ = ३५१, आणि याला भाग जातो. म्हणून पेशीला ५१वा एक्सॉनही वगळायला लावला की चौकट पुन्हा जुळते आणि आखूड डिस्ट्रोफिन बनू शकतं. ५१ वगळणाऱ्या औषधाला अमेरिकेत २०१६ साली मान्यता मिळाली. मात्र मुलांच्या स्नायूत त्यातून फारच थोडं डिस्ट्रोफिन तयार झालं होतं, हे लपवण्यात अर्थ नाही. माऊसमध्ये हेच तत्त्व ठळक दिसलं होतं. एमडीएक्सचा २३वा एक्सॉन २१३ अक्षरांचा, भाग जाणारा, त्यामुळे तो एकटा वगळला तरी काम होतं.

दुसरा मार्ग जनुकच विषाणूत भरून पाठवायचा. पण डिस्ट्रोफिनचा संदेश १४,००० अक्षरांचा आणि त्या विषाणूत जेमतेम ४,७०० मावतात. म्हणून कापून-कापून केलेलं सूक्ष्म डिस्ट्रोफिन पाठवतात. अर्ध्या किलोच्या रॅटला जेवढे विषाणू लागतात त्याच्या कित्येक पट मुलाला लागतात, आणि प्रतिकारशक्तीची प्रतिक्रिया तिथे खरी अडचण करते. पिंजऱ्यात ती तेवढी दिसत नाही.

मुलीबद्दल: आधी तुमची तपासणी झालीय का? साधारण एक तृतीयांश मुलांमध्ये दोष नव्याने उद्भवलेला असतो, आईत नसतो. तुम्ही वाहक असाल तर मुलीला तो मिळायची शक्यता निम्मी. वाहक स्त्रियांच्या काही पेशींत चांगला एक्स चालू असतो, काहींत बिघडलेला. बहुतेकींना त्रास होत नाही, पण हृदयाची तपासणी अधूनमधून करून घ्यावी असं सांगतात. हे जनुकीय समुपदेशकांशी नक्की बोला, माझ्या भरवशावर राहू नका. मी उंदरांची माणूस.

एक विनंती. रिपोर्ट काढून बघा: नुसतं ५२ लिहिलंय की 'अमुक ते ५२'?

आकडेमोड:

ताई, रिपोर्ट बघताना हाताशी असू द्या. अक्षरं: ४९वा १०२, ५०वा १०९, ५१वा २३३, ५२वा ११८, ५३वा २१२.

शंकासूर:

मी सुरुवातीला पाणी मुरतंय वगैरे लिहिलं होतं. मागे घेतो. ताई, मुलाला शुभेच्छा.

दोन_मुलांची_आई:

कपाट उपसून फाईल काढली. '४९ ते ५२' असं लिहिलंय. आम्ही इतकी वर्षं शेवटचाच आकडा लक्षात ठेवला होता.

म्हणजे ५१ आधीच गेलेला आहे, तो वगळण्याचा प्रश्नच येत नाही ना? तो रॅटसुद्धा माझ्या मुलाचा रॅट नाही. मग मी वरचे आकडे घेऊन बसले. १०२ + १०९ + २३३ + ११८ = ५६२. भाग जात नाही. त्यात ५३वा मिळवला, ५६२ + २१२ = ७७४. तीनने भाग जातो. दोनदा करून बघितलं. बरोबर आहे का?

आकडेमोड:

बरोबर. २५८.

पिंजरावाली:

अगदी बरोबर. ५३ वगळणारी औषधं वेगळी आहेत, अमेरिकेत एक २०१९ च्या शेवटी आणि दुसरं २०२० मध्ये मान्य झालं. मान्यतेचा आधार तसाच, स्नायूत दिसलेलं डिस्ट्रोफिन, त्यामुळे फायदा किती हे डॉक्टरांना खोदून विचारा. पुढच्या भेटीला ही फाईल घेऊन जा, आणि तुम्ही केलेली बेरीजही.